रपट्यावरची खुर्ची

नागपूर, ७ जुलै २०२४

प्रसाद,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते धरून चाल. आज मी भांडायला बसले आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि ठेवल्यावर आपल्या मनाचंच करतोस. कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही, एवढं मला इतकी वर्षं शाळा चालवून कळलं आहे.

काल अनिकेतच्या आईचा फोन होता. पत्रिका जुळली, मुलगा-मुलगी दोनदा भेटली, रसिका त्यांना फार आवडली आहे. सगळं गोड बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "वंदनाताई, मुलीचे वडील रोज संध्याकाळी नाल्याकाठी दोर घेऊन बसतात म्हणे. ते कशासाठी?" मी म्हटलं, फिरायला जातो. तर त्या म्हणाल्या, "खुर्ची घेऊन?" तुमच्या भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधलं कुणीतरी हळदीकुंकवात हे बोललं आणि ते थेट नागपूरला येऊन पोचलं.

शालिनीनं मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल, उन्हाळा लागला की उतरेल. पण तू ऐन मे महिन्यात कोरड्या नाल्याशेजारी छत्री घेऊन बसलास. कारखान्यानं बढती देऊन बाहेरगावी पाठवायचं ठरवलं, ती नाकारलीस. आणि तो रपटा तरी काय आहे? नाल्यावरून जाणारा बुटका सिमेंटचा रस्ता, त्याला धड कठडा नाही. दिवाळीत शेजारी नवा पूल झाल्यापासून तिथून कुणी जात नाही, असं शालिनी म्हणते. मग तू कुणाची वाट पाहतोस?

देवानं सांगितलं, असं तू तिला म्हणालास. कोणत्या देवानं, ते मला लिही. आणि मुलीचं लग्न मोडायलाही त्यानंच सांगितलं आहे का, तेही लिही.

ताई

•

भोपाळ, १४ जुलै २०२४

ताई,

पाया पडतो. तुझ्या रागाला उत्तर नाही, प्रश्नांना आहे तेवढं देतो.

जानेवारीत दत्ताच्या देवळातून येताना स्कूटर रपट्यावर बंद पडली. मी प्लग पुसत होतो. तेव्हा कुणीतरी म्हणालं, इथे बस. कानाला ऐकू आलं नाही. लहानपणी आई आतून जेवायला हाक मारायची, नाव न घेता, तरी ती आपल्यालाच आहे हे कळायचं, तसं. मी इलेक्ट्रिशियन माणूस आहे. आवाज आला तर आधी वायरिंग तपासतो. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो, डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. महिनाभर काही केलं नाही. मग एकदा दाढी करताना पुन्हा तेच आलं. इथे बस, दोर ठेव. आरशासमोर होतो आणि "इथे" म्हणजे कुठे हे मला ठाऊक होतं.

देवाचं नाव कळलं नाही. पण मी "बरं" म्हणालो तेव्हा दत्तासमोर हात जोडल्यावर वाटतं तसंच वाटलं. मी कधी फार देव-देव केलेलं नाही, हे तुला माहीत आहे. पूजा शालिनी करते, मी प्रसाद खातो. म्हणूनच मला भीती वाटते. मागणाऱ्याला मिळालं तर तो समजू शकतो. मी तर मागितलंच नव्हतं.

कारखाना सुटला की पाच ते सात बसतो. लोक हसतात. कॉलनीतली मुलं विचारतात, "अंकल, पानी कब आएगा?" मी म्हणतो, "पता नहीं बेटा." खरंच पता नहीं. कुणासाठी आणि किती दिवस, हे मला सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. आता नाल्याला घोट्याएवढं पाणी आहे आणि पुलावर गर्दी असली की थोडी वाहनं इकडून जातात. दोराची एक बाजू बाभळीला कायम बांधलेली आहे. पाणी वाढलं की दुसरी बाजू समोरच्या दगडाला बांधून रस्ता अडवायचा, एवढंच काम आहे. अजून एकदाही करावं लागलेलं नाही.

रसिकाचं लग्न मोडावं असं मला कसं वाटेल? ती अनिकेतशी फोनवर बोलते तेव्हा गॅलरीत जाऊन हळू आवाजात हसते. ते ऐकायला मी टीव्ही बंद करतो.

तुझा,
प्रसाद

•

नागपूर, २२ जुलै २०२४

प्रसाद,

तुझं पत्र तुझ्या मेहुण्यांना, श्रीकांतरावांना, वाचून दाखवलं. ते म्हणाले, माणूस आजारी नाही, पण त्याला बरं करणं त्यामुळेच अवघड आहे. मी तसं म्हणणार नाही. तू लहानपणी पतंग काटला गेला तरी मांजा धरून बसायचास. आईनं दोन धपाटे घालून आत नेलं की यायचास. आता ते काम माझ्याकडे आलं आहे.

साखरपुडा अठरा ऑगस्टला, रविवारी, तुमच्या कोलार रोडवरच्याच हॉलमध्ये, संध्याकाळी पाचला. गुरुजींनी वेळ काढून दिली आहे, ती बदलता येणार नाही. म्हणजे बरोबर तुझी नाल्याची वेळ. राखीचा सण दुसऱ्या दिवशी आहे, तेव्हा मी राहीन आणि राखी बांधूनच परत जाईन.

अनिकेतच्या वडिलांना मी शब्द दिला आहे की मुलीचा बाप चारचौघांसारखा आहे. ते लोक मनानं वाईट नाहीत, पण वेडाला घाबरतात. त्यांच्या घरात एकदा काहीतरी होऊन गेलेलं आहे, मी खोलात शिरले नाही. त्या दिवशी तू पाच वाजता उठून गेलास तर ते लोक तिथूनच नागपूरची गाडी धरतील. मग रसिकाचं काय, ते तूच तिला सांग. मी सांगणार नाही.

देवाला एक दिवस सुट्टी माग. पोरीच्या साखरपुड्याला बापाला सुट्टी न देणारा देव माझ्या माहितीत नाही. त्या दिवशी रपट्यावर जाणार नाही, एवढं मला स्वतःच्या हातानं लिहून पाठव.

ताई

•

भोपाळ, २९ जुलै २०२४

ताई,

अठरा ऑगस्टला मी रपट्यावर जाणार नाही. हॉलमध्ये बसेन, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उठणार नाही. लिहून दिलं आहे.

काल तिथे बसून हेच मोठ्यानं सांगितलं, एक दिवस जमणार नाही म्हणून. उत्तर आलं नाही. उत्तर कधी येतच नाही, त्याची मला सवय झाली आहे. पण रोज तिथे कुणीतरी आहे असं वाटायचं, काल तसं वाटलं नाही. मी लवकर उठून आलो.

जाणार नाही हे काल रसिकाला सांगितलं. ती माझ्या गळ्यात पडली. मला त्याचा आनंद झाला आणि रात्री जेवण गेलं नाही. तू म्हणतेस तेच बरोबर असेल.

प्रसाद

•

नागपूर, २१ ऑगस्ट २०२४

प्रसाद,

राखी न बांधता आले. पर्समध्ये तशीच आहे. हात पुढे करायची इच्छा झाली नाही.

तू शब्द पाळलास, ते मी नाकारत नाही. रेशमी कुडता घालून व्याह्यांच्या शेजारी खांबासारखा बसलास. बोललास चार वाक्यं, तीही हवामानाची. पण तुझं वेड घरात मुरलं आहे, ते शालिनीच्या रूपानं उठून बाहेर गेलं.

पेढ्यांचा डबा घरी राहिला म्हणून गेली ती गेलीच. पेढे तर टेबलाखालीच होते, मला नंतर सापडले. अंगठ्या झाल्या, रसिकाची ओटी भरून झाली, आणि विहिणीची ओटी भरायची वेळ आली तर मुलीची आई नाही. ताट समोर मांडलेलं. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. अनिकेतची आई पदर सावरून बसलेली. मी म्हटलं, मी आत्या आहे, मी भरते. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे मुलीच्या आईनंच भरायची रीत आहे. थांबते मी." आणि बाई खरंच थांबल्या. तासभर. सगळा हॉल त्या ताटाकडे पाहत होता. शेवटी अनिकेतचे वडील उठले आणि म्हणाले, कळवतो.

ते दारात असताना ही आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पैठणीचा काठ फाटलेला, केस सुटलेले. विहीणबाईंनी विचारलं, "कुठे होतात?" तर म्हणाली, "पाय घसरला." एवढंच. रसिकानं आईकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. अजून त्यांचा फोन नाही. मी केला तर उचलत नाहीत.

बाहेर लखलखीत ऊन होतं. पावसाचा थेंब नव्हता. ती कुठे घसरली, विचार तिला.

वंदना

•

भोपाळ, २७ ऑगस्ट २०२४

ताई,

तू पहिल्यांदाच पत्राखाली "ताई" लिहिलं नाहीस.

मी शालिनीला विचारलं नाही, विचारणारही नाही. का, ते सांगतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रपट्यावर गेलो. रपट्याची एक कड वाहून गेली होती, मोटारीएवढं खिंडार पडलं होतं. बाभळीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पाला अडकला होता. आपल्याकडे ऊन होतं, पण वर डोंगरात रविवारी दुपारी मोठा पाऊस झाला, हे नंतर कळलं. लोंढा तिथून आला.

आणि दोर बांधलेला होता, ताई. बाभळीपासून दगडापर्यंत, रस्ता अडवून. बाभळीकडची गाठ माझी. दगडाकडची माझी नव्हती. ती परकराच्या नाडीची गाठ होती, दुहेरी सुरगाठ. ती गाठ मी आमच्या घरात लग्न झाल्यापासून पाहतो आहे.

तिथे काय झालं मला ठाऊक नाही. काही झालंच नसेल. पण सहा महिने मी बसलो आणि ज्या एका दिवशी पाणी आलं त्याच दिवशी मी कुडता घालून सरबत पीत होतो. तुला दिलेला शब्द पाळला आणि ज्यानं बोलावलं त्याचा मोडला. तेव्हापासून मी तिकडे गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? खुर्ची बाभळीत अडकून वाचली, ती तिथेच आहे. रसिका आईशी बोलत नाही आणि मी कुणाशीच.

तूच शालिनीला लिही. तुला ती सांगेल.

प्रसाद

•

भोपाळ, ५ सप्टेंबर २०२४

ताई,

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं. "काय झालं ते सगळं सांग, मी मध्ये बोलणार नाही." म्हणून सांगते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मी ह्यांच्या बाजूची कधीच नव्हते. उन्हाळ्यात मी तो दोर माळ्यावर लपवला होता. एकदा खुर्ची भंगारवाल्याला दिली, तर हे दुसरी घेऊन आले. साखरपुड्याच्या दिवशी हे हॉलमध्ये थांबले याचा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता.

पण पाच वाजले आणि टेबलावरचं सरबत हलायला लागलं. मी खाली पाहिलं तर ह्यांचा गुडघा थरथरत होता. तोंडावर हसू, अनिकेतच्या वडिलांशी बोलणं चाललेलं आणि टेबलाखाली पाय थांबत नव्हता. रसिकाच्या वेळी माझं ऑपरेशन लांबलं होतं, तेव्हा हे बाहेर असेच बसले होते, असं सासूबाई सांगायच्या. मला वाटलं, आपण स्कूटीनं जाऊन दहा मिनिटांत पाहून यावं आणि कानात सांगावं, मी बघून आले, सगळं ठीक आहे. पाय थांबला असता. माझा हेतू एवढाच होता. देवबीव माझ्या मनात नव्हता.

तिथे ऊन होतं. पाणी घोट्याएवढं. मी परत वळणारच होते. पण पाण्याचा रंग चहासारखा झाला होता आणि त्यात काटक्या आणि फेस येत होता. हे एकदा जेवताना म्हणाले होते, आभाळाकडे पाहायचं नाही, पाण्यात पाला दिसला की वरून लोंढा निघाला समजायचं. मी तेव्हा भाजी वाढत होते. ह्यांना वाटलं असेल मी ऐकलं नाही.

तेवढ्यात मी आले त्याच रस्त्यानं मागून मॅजिक आली, ती सवाऱ्यांची छोटी गाडी. राखीच्या बाजारामुळे पुलावर गाड्या तुंबल्या होत्या म्हणून तो इकडून वळला. आत बायका, मुलं, मांडीवर पिशव्या. मी दोर ओढला आणि दगडाला बांधला. ह्यांची गाठ मला येत नाही, येते ती बांधली. ड्रायव्हर ओरडला, "आंटी, हटिए, टखने तक तो पानी है." मी म्हटलं, नहीं हटूँगी. त्यानं हॉर्न दाबून धरला. मग खाली उतरला, मला नको ते बोलला, दोर सोडायला लागला. ताई, मी दगडाला मिठी मारून त्या गाठीवर बसले. पैठणी तेव्हा फाटली. आतल्या बायका म्हणत होत्या, पागल है, छोड़ो. मलाही तसंच वाटत होतं. हॉलमध्ये ताट मांडलं असेल, विहीणबाई बसल्या असतील, हे सगळं मला दिसत होतं. उठावं असं दोनदा वाटलं. उठले असते तर गाडी गेली असती.

मग आवाज आला. देवाचा नाही, पाण्याचा. मालगाडी येते तसा. भिंतीसारखं पाणी आलं, त्यात अख्खं झाड होतं. आम्ही सगळे मागे पळालो. रपटा दिसेनासा झाला. ड्रायव्हर रस्त्यावर खाली बसला. मग त्यानं विचारलं, "आंटी, आपको किसने बताया?" मी म्हटलं, "मेरे आदमी ने."

हॉलमध्ये का बोलले नाही, असं तुम्ही विचाराल. विहीण ओटीसाठी खोळंबलेली, शुभकार्य, आणि त्या ताटासमोर मी मरणाची गोष्ट काढायची? आईनं शिकवलं होतं, ओटीपुढे अशुभ बोलू नये. मला वाटलं, ओटी भरेन आणि मग सांगेन. तोवर ते दारात होते.

माझ्या पोरीचं जुळलेलं मी मोडलं. ती मोलकरणीशी बोलते, माझ्याशी नाही. तिला मी हे कोणत्या तोंडानं सांगू? तिला वाटेल, आई स्वतःची बाजू मांडते आहे.

तुमची,
शालिनी

•

नागपूर, १२ सप्टेंबर २०२४

शालिनी,

तुझं पत्र घेऊन मी अनिकेतच्या घरी गेले. आधी फोन केला नाही, नाहीतर दार उघडलं नसतं. सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. मध्ये दोनदा मला थांबावं लागलं.

अनिकेतच्या आईंनी डोळे पुसले. मला वाटलं, झालं. मग त्या म्हणाल्या, "फार पुण्याचं काम केलं त्यांनी. पण वंदनाताई, जी बाई स्वतःच्या मुलीचं ताट सोडून उठते, तिच्या घराशी आम्हाला जमणार नाही. उद्या आमच्याकडे काही शुभ असलं आणि ह्यांना पुन्हा कुणी बोलावलं तर?" मी म्हटलं, गाडीभर माणसं मेली असती. त्या म्हणाल्या, "हो, पण ते कुणाला माहीत होतं?"

जुलैत मी प्रसादला जे लिहिलं ते सगळं त्या बोलल्या, ओळीनं, बहुतेक माझ्याच शब्दांत. समजूतदार आवाजात. मला ते ऐकवेना.

मी अनिकेतकडे पाहिलं. तो मोबाईलकडे पाहत होता. साखरपुड्याचा नारळ त्यांनी परत दिला, मी घेतला.

मी तुला आणि प्रसादला फार बोलले आहे. ते मागे घेते. तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे, ते प्रसादला दाखव, आजच. त्याला सांग की शब्द त्यानं माझ्यापायी मोडला, आणि तो मोडूनही काम झालं. याचा अर्थ मला लागत नाही, त्याला लागला तर मला कळवू दे. रसिकालाही दे. तिला राग येऊ दे, पण खऱ्या गोष्टीचा येऊ दे.

सोबत राखीही आहे. पौर्णिमा केव्हाच होऊन गेली. माझ्या वतीनं तूच बांध.

ताई

•

भोपाळ, २२ सप्टेंबर २०२४

आत्या,

मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

आईनं मला दोन्ही पत्रं दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. मी वाचली आणि मला भयंकर राग आला. तू म्हणतेस तसा खऱ्या गोष्टीचा. अनिकेत मला आवडला होता. तो गप्प बसला, हे वाचल्यावरही आवडतच होता, लगेच कसं जाईल? मला वाटलं, देवाला भोपाळमध्ये दुसरं घर मिळालं नाही का. मी स्कूटी काढली आणि रपट्यावर गेले. ती खुर्ची नाल्यात फेकायची असं ठरवून गेले होते.

खुर्ची बाभळीखाली होती. मी उचलली. तेवढ्यात रस्त्यावर एक मॅजिक थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "मैडम, यहाँ जो आंटी थीं, वो नहीं आतीं अब?" मी विचारलं, क्यों? म्हणाला, "रोज़ देखता हूँ. पैर छूने थे. उस दिन गालियाँ दी थीं मैंने." त्यानं गाडीकडे बोट केलं. पुढच्या सीटवर एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, खिडकीला नाक लावून माझ्याकडे पाहत होती. तो म्हणाला, "उस दिन भी आगे ही बैठी थी. आगे बैठने की ज़िद करती है."

मी त्याला सांगितलं नाही की ती माझी आई आहे. मी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. तो गाडी घेऊन गेला. मी सात वाजेपर्यंत बसले.

घरी आले तेव्हा आई बाबांना राखी बांधत होती. आईचं पत्र त्यांनी वाचलं होतं, डोळे लाल होते. मी म्हटलं, मी रपट्यावर होते. बाबांनी लगेच विचारलं, "तुला काही ऐकू आलं का?" मी म्हटलं, नाही, फक्त बेडूक. आई हसली. महिन्याभरानं हसली. मी तिच्या कुशीत शिरले आणि खूप रडले, अनिकेतसाठीच रडले, पण तिच्याच कुशीत.

कालपासून बाबा पुन्हा जायला लागले आहेत. या महिन्यापासून मंगळवारी त्यांची दुपारची शिफ्ट असते, त्या दिवशी मी जाणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही. तू दिवाळीत येशील तेव्हा आपण नवी खुर्ची घेऊ, हिचा एक पाय हलतो.

तुझी,
रसिका